शीतगृहाचा वक्ता

लोगन, ब्रिस्बेन
९ जून १९९६

ती. पेलेनिसेताईस,
लाउताफीचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. उजवा गुडघा हल्ली जरा उशिरा टेकतो, तेवढं चालवून घे.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण बोटं. दिवसभर बर्फाच्या खोलीत मांसाची खोकी उचलून बाहेर आलं की बोटं माझी राहत नाहीत. पेन धरलं तर तेच मला धरून बसतं. आज रविवार, प्रार्थना आटोपली, गरम कोको प्यालो, म्हणून अक्षर तुला लागेल असं आलं आहे.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि तू चिडणार हे धरूनच सांगतो. मी पुन्हा बोललो, ताई. तोंड मिटून काम कर, असं बजावून तू मला विमानात बसवलं होतंस. इतकी वर्षं तसा बऱ्यापैकी मिटलो होतो.

झालं असं की आमच्या शीतगृहात नवे कंप्युटर आले. प्रत्येक खोलीच्या दाराशी एक. आत थंडी किती, दार किती वेळ उघडं राहिलं, सगळं तेच बघणार. व्यवस्थापक हॅलॉरन यांनी जेवणाच्या खोलीत सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की या यंत्रांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहिणारी आणि बिघडले तर दुरुस्त करणारी माणसं हवीत. तरुणांना संध्याकाळच्या वर्गाला पाठवू. पन्नाशी ओलांडलेल्यांनी नाताळानंतर यायचा त्रास घेऊ नये, कारण या वयात हे डोक्यात शिरत नाही. हे त्यांनी इतक्या गोडीने सांगितलं की आपला विलियामु, ज्याची नोकरी चालली होती तो, मान डोलावत बसला. ते मात्र मला बघवेना.

मी खोक्यावर चढलो. म्हणालो की अंधारात, जाड हातमोज्यांतून, नुसत्या वजनावरून ही माणसं कोकरू कुठलं आणि वासरू कुठलं ते सांगतात. त्यांच्या डोक्याला तुम्ही कधी काम दिलंत? तुम्ही आमचे हात भाड्याने घेतलेत आणि डोकं दाराच्या खुंटीला टांगून आत यायला सांगितलंत. आज तुम्हीच म्हणता की खुंटीवर ते सुकलं. पोरांनी टेबलं बडवली. हॅलॉरन अजिबात रागावले नाहीत. ते म्हणाले की ठीक आहे, तुमच्यातल्या एकाने शिकून दाखवा. ऑक्टोबरात मी सांगेन तो प्रोग्रॅम माझ्यासमोर लिहून चालवलात, तर सगळ्या जुन्या माणसांना शिकवू आणि ठेवू. नाही चालला तर पुन्हा भाषण नको.

एकाने म्हणजे कोणी, हे कोणालाच विचारावं लागलं नाही. खोक्यावर मीच होतो.

तर आता कामावरून सुटलो की मी वर्गात बसतो. भाषेचं नाव सी. एवढंसं नाव, आणि अंगात रग केवढी! आपण लिहायचं, मग कंपायलर नावाचा एक भाग ते तपासतो आणि यंत्राला कळेल असं करून देतो. चुकलं तर करत नाही, तक्रारी छापतो. माझ्या पहिल्या चार ओळींवर त्याने पडदाभर तक्रारी ओकल्या. शिकवणारी ब्रॉनविन आपल्या भाचीएवढी असेल. ती म्हणाली की काका, एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला आहे, बाकी काही नाही. त्यातही गंमत बघ, चूक वरच्या ओळीत आणि यंत्र बोट दाखवतं खालच्या ओळीकडे. मी ती निरपराध ओळ तासभर झोडत होतो. मालकांची रीत याने कुठून उचलली कोण जाणे!

थकलो आहे. पण शब्द माझा आहे आणि पोटं त्यांची आहेत. राग असेल तो पत्रात घालून पाठव, माया तिथेच घरात जपून ठेव, मी येऊन नेईन.

तुझा धाकटा,
लाउताफी


सावाई
३० जून

चि. लाउताफीस,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ दोन रट्टे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा मोठ्याने. दुसऱ्यांदा मावशी ऐकत होती. ती म्हणाली की हा पोटात असल्यापासून बडबडतो, आता यंत्राशी बडबडू दे, निदान यंत्राला कान तरी नाहीत. खुंटीवरचं डोकं तिला फार आवडलं. मलाही आवडलं, पण ते तुला सांगायचं नव्हतं.

इकडचं तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. बेटावर आपल्या रोजच्या तारोच्या कंदाला लागलेली कीड अजून हटत नाही. पान हातभर होतं न होतं तोच काळं पडतं. आम्ही केळी आणि रानटी तामूचे कंद उकडून खातो आणि जेवण झालं असं म्हणतो. वादळाने उडालेलं देवळाचं छप्पर मात्र एकदाचं झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या देवळाचा सोहळा आहे. बायकांच्या मंडळाची मुख्य मी, म्हणजे चटया विणायच्या मी, भांडणं सोडवायची मी आणि शेवटी कंबर धरून बसायचं तेही मीच.

आता महत्त्वाचं. वडिलांची वक्त्याची काठी अजून खांबाला तशीच उभी आहे. गेल्या रविवारी जेवणानंतर सगळं घराणं बसलं. झऱ्याजवळच्या आपल्या जमिनीवर शेजारच्यांनी नारळ लावले आहेत. गावाच्या सभेत बोलायला आपल्या बाजूने पदावरचा माणूसच नाही, म्हणून ते उद्या घरही बांधतील. वडिलांचं वक्तेपद तुला द्यावं यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि सगळ्यांचं म्हणजे मी बोलल्यावर झालं. पण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तू इथे हवास. तोवर चुलतभाऊ असोफा कोपऱ्यात बसून कान देतो. तो बोलतो तेव्हा उचकी लागल्यासारखं वाटतं, पण बसतो बिचारा.

तेव्हा ऑक्टोबरात यंत्र चालव आणि नोव्हेंबरात घरी ये. दोन्ही तुझेच शब्द आहेत, एक त्यांना दिलेला आणि एक मला. अडलं तर त्या कंपायलराच्या घराण्याची सगळी बिरुदं आधी म्हण, त्याच्या पूर्वजांना मान दे, मग कामाचं काढ. आजवर तुझं सगळं त्यानेच झालं आहे.

रागावले असले तरी तुझीच,
पेलेनिसे


लोगन
२१ जुलै

ती. ताईस,
दमलेल्या धाकट्याचा बसल्या जागेवरून नमस्कार.

तुझे रट्टे पोचले, पाठीला जरा ऊब आली. बिरुदांचा उपाय करून पाहिला. खरंच पाहिला! सी मध्ये यंत्राने वाचू नये असा मजकूर लिहायची सोय आहे. तिथे मी त्याची चांगली आठ ओळी स्तुती केली. ते त्याने निमूटपणे ओलांडलं आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा शिव्या सुरू केल्या. ज्याला स्तुती लागत नाही आणि ज्याला राग येत नाही, अशा कोणाशी मी जन्मात बोललो नव्हतो.

माझी एक खोड इथे उघडी पडली. तक्रारींची रांग आली की मी शेवटची तक्रार आधी धरायचो. आपल्या सभेत वक्ते आधी बोलून घेतात आणि सगळ्यात मोठा सरदार शेवटी बोलतो. वजन असतं ते शेवटच्या शब्दाला. म्हणून मला वाटे, शेवटची तक्रार सगळ्यात भारी. ती मिटवायला गेलो की नव्या उभ्या राहायच्या. ब्रॉनविनने हे दोन आठवडे पाहिलं आणि मग विचारलं की काका, तुम्ही उलटे का वाचता? कारण सांगितल्यावर ती हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. ती म्हणाली की पहिली तेवढी खरी माना, ती दुरुस्त करा आणि पुन्हा विचारा; बाकीच्या बऱ्याचशा तिचाच गोंगाट असतात. त्या दिवसापासून जरा श्वास मिळतो.

पण आता जिथे अडकलो आहे तिथे श्वासही नाही. नीट सांगतो. प्रोग्रॅममध्ये एक मुख्य भाग असतो, त्याला मेन म्हणतात. काम त्याच्यापासून सुरू होतं. बाकीचे छोटे भाग त्याचे मदतनीस, त्याने बोलावलं की यायचं, काम करायचं आणि उत्तर त्याच्या हातात ठेवायचं. मी मेनला सगळ्यांच्या वर लिहिलं आणि मदतनिसांना खाली. हॅलॉरननी आता सांगितलं आहे की चाचणीत खोल्यांच्या तापमानाची सरासरी काढायची, म्हणून सरासरी काढणारा एक मदतनीस लिहिला. तो दशांशातला आकडा आणतो. तर यंत्र म्हणतं की याने आणलेलं आणि मी धरून चाललो होतो ते जुळत नाही. अरे, तू धरलंस काय, कधी धरलंस, कोणी सांगितलं होतं तुला धरायला?

ब्रॉनविन म्हणाली की मेनला सगळ्यांच्या खाली लिहा, मिटेल. पुस्तकात तसंच आहे म्हणे. मी नाही म्हणालो. आपल्या सभेच्या घरात मागच्या खांबांपाशी आवाचं पेय कालवणारी पोरं बसतात. मुख्य माणसाला तिथे बसवणारा माणूस मी नव्हे. ती म्हणाली की हे घर नाही, काका. मी म्हणालो की मला सगळं घरच आहे. नंतर लाज वाटली. पोरीचं चुकलं नव्हतं. पण खरं सांगू का, मेनला खाली हलवून ते चाललं असतं तरी का चाललं हे मला कळलं नसतं, आणि हॅलॉरनसमोर न कळलेली गोष्ट घेऊन मी उभा राहणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत विलियामु रोज विचारतो की आज यंत्राने काय दिलं, सलाम की शिव्या? मी शिव्या म्हटलं की तो आपल्या डब्यातलं नारळाच्या दुधातलं पालुसामी निम्मं माझ्या ताटात टाकतो. तो अन्न देऊन धीर देतो आणि मला ते गिळवत नाही. त्याच्या बायकोने देवळात माझ्यासाठी प्रार्थना सांगितली आहे. ताई, माणसांनी टाळ्या वाजवल्या तर मला पेलतात. त्यांनी विश्वास ठेवला की खांदे दुखतात.

नोव्हेंबरचं विसरलो नाही. काठीला तेल लावत जा. गावाकडचं काही मजेचं असेल तर लिही, इथे सगळ्याच गोष्टी गोठलेल्या आहेत.

तुझ्या मायेवरच उभा असलेला,
लाउताफी


सावाई
११ ऑगस्ट

चि. लाउताफीस,
कंबर मोडलेल्या बहिणीचे, तरीही ताठ उभे राहून दिलेले आशीर्वाद.

मजेचं लिही म्हणालास. देवळाचा सोहळा झाला आणि भांडणही झालं, त्यात मजेचं तू निवडून घे. मला तरी अजून हसू येत नाही.

सकाळी सगळं नीट चाललं. एकेक घराणं आलं, आपापलं देणं मैदानात मांडलं, आणि फोलाफोला पुकारायला आपल्यातला एक तरुण उभा राहिला. आवाज बरा आहे त्याचा. अमक्या घराण्याचे हे हे लोक आले, त्यांनी डुकरं आणली, माशांचे डबे आणले, चटई आणली, असं एकेक पुकारलं की मागे बसलेल्या आम्हा बायकांना कळायचं, कोणाला काय मान परत द्यायचा.

तेवढ्यात आपियाची मंडळी आली. मामाच्या सासरची. बोट उशिरा लागली म्हणून घाम गाळत आली, आणि फोलाफोला थांबवायला नको म्हणून मागच्या वाटेने खोकी थेट स्वयंपाकाच्या छपराखाली ठेवून पुढे जाऊन बसली. कोणी पुकारलं नाही. आता बंद खोकी बघून माणूस काय समजेल? सकाळपासून बिस्किटांचीच खोकी येत होती. आमच्या बायांनी बिस्किटंच धरली, आणि बिस्किटांना शोभेल असा परतीचा मान पाठवला. साधी चटई, थोडं मटण.

दुपारी खोकी फोडली तर आत पिसूपो. सगळी डबाबंद गोमांसाची! तोवर आपियाची म्हातारी उठून उभी राहिली होती. तिने गावासमोर विचारलं की आम्ही गायी आणल्या आणि तुम्ही आम्हाला बिस्किटांच्या रांगेत बसवलंत? मी गेले, खाली बसले, क्षमा मागितली. ती मला म्हणाली की पोरी, बघून तरी घ्यायचंस. मी म्हणाले की मावशी, बघायचं काम आमचं नाही, पुकारायचं तुमचं होतं. पुढे बसा, मागे बसा, कुठेही बसा, पण कोण आलं आणि काय घेऊन आलं हे आधी कळायला नको का? नाही कळलं तर माणूस आपल्या मनाने काहीतरी धरतो आणि नंतर दोघांचंही तोंड कडू. शेवटी दोन चांगल्या चटया दिल्या, तेव्हा ती बोटीत चढली. त्यातली एक माझी होती, पाच महिने विणलेली.

तुझ्या मेनचं मला काही कळत नाही. पण त्या ब्रॉनविनची माफी माग. शिकवणाऱ्याशी असं बोलायला वडिलांनी आपल्याला शिकवलं नव्हतं.

झऱ्याजवळ शेजाऱ्यांनी खांब रोवले आहेत. सभेत असोफा उठला, पण दुसऱ्याच वाक्याला अडखळला आणि बसला. समोरचे हसले. मी बाहेर सावलीत बसून ऐकत होते. मला आत जाऊन बोलता येत नाही आणि इथे बसून ऐकवत नाही. लवकर ये रे.

वाट बघून डोळे दुखले तरी वाट बघणारी,
पेलेनिसे


लोगन
१ सप्टेंबर

ती. ताईस,
आज खरोखर दोन्ही गुडघे टेकून नमस्कार, उजव्यासकट.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं. पिसूपोच्या खोक्यांपर्यंत आलो आणि असा ओरडलो की शेजारच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. ताई, तेच आहे! हुबेहूब तेच!

माझा सरासरीचा मदतनीस मागच्या वाटेने येत होता. मेन वरून त्याला हाक मारतो, तेव्हा यंत्राला ठाऊकच नसतं की हा कोण आणि काय घेऊन येणार. मग ते आपल्या मनाने धरतं की पूर्णांक आणणार, कारण सी मध्ये न पुकारलेलं खोकं बिस्किटांचंच धरतात. खाली तो दशांशातला आकडा घेऊन उभा राहिला की भांडण. दोष बसण्याच्या जागेत नव्हताच. पुकारलं नव्हतं, एवढंच.

वर्गात गेलो, आधी ब्रॉनविनची माफी मागितली, आणि मग विचारलं की सगळ्यांच्या वर नुसतं पुकारायची सोय आहे का, अमका येणार आहे आणि अमकं आणणार आहे एवढंच, बाकी तो आपल्या जागी खालीच राहील? ती म्हणाली की आहे, पुढच्या आठवड्यात तेच शिकवणार होते. एक ओळ, ताई. मेनच्या वर एक ओळ लिहिली आणि यंत्र गप्प झालं. एकही तक्रार नाही. मी घाबरलो की बंद पडलं. ते बंद नव्हतं, मान्य झालं होतं.

आनंद मात्र व्हायला हवा तेवढा झाला नाही. घरी येऊन भिंतीला टेकून बसलो, तसाच झोपी गेलो. विलियामुला मात्र सांगितलं की आज सलाम. त्याने मला काही दिलं नाही, माझ्याच ताटातला मासा उचलून खाल्ला. म्हणाला की आता तुझी काळजी करायचं माझं कारण संपलं.

तुझी चटई गेली त्याचं वाईट वाटतं. तिची भरपाई माझ्याने होणार नाही. झऱ्याजवळच्या खांबांचं वाचून अंग पेटलं, मनात अर्धं भाषण तयारही झालं. नोव्हेंबरात ते तिथेच करीन.

तुझ्या भांडणावर पास होऊ पाहणारा,
लाउताफी


लोगन
२० ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. आज शब्द मोजकेच आहेत, सांभाळून घे.

चाचणी झाली. प्रोग्रॅम चालला.

कसं ते सांगतो, तू विचारशीलच. हॅलॉरन माझ्या उजवीकडे खुर्ची घेऊन बसले. विलियामु आणि बाकीचे दाराच्या काचेबाहेर उभे होते, अंगात बर्फाच्या खोलीतले जाड कोट तसेच. मी लिहिलं. बोटं गार होती, दोन कंस आणि एक अर्धविराम चुकला, यंत्राने सांगितलं, मी दुरुस्त केलं. मग खोल्यांचं तापमान भरलं, सरासरी आली, आणि जी खोली गरम पडली होती तिच्यापुढे इशारा आला. हॅलॉरननी आपल्या कागदावर हिशोब ताडून पाहिला. मला विचारलं की एवढंच का? मी म्हणालो की एवढंच सांगितलं होतंत. ते म्हणाले की बरोबर आहे, आणि उठले.

ताई, मी भाषण तयार ठेवलं होतं. महिनाभर मनात घोळवलेलं. हरलो असतो तर करायचं एक आणि जिंकलो तर दुसरं. दोन्हींची गरज पडली नाही. जन्मभर मी बोलून गोष्टी मिळवल्या किंवा बोलून घालवल्या. ही पहिलीच, जी मी गप्प बसून मिळवली, आणि त्या खोलीत कोणाला ती काही मोठी वाटली नाही. बाहेर काचेपलीकडे विलियामुने डोळ्यांवर हात धरला होता, तेवढंच काय ते.

मग हॅलॉरन दारातून परत वळले. म्हणाले की शब्द दिला आहे तो पाळतो, सगळ्यांना ठेवतो. पण संध्याकाळच्या वर्गाला इतकी माणसं पाठवणं जमणार नाही. तुम्ही शिकलात, तर तुम्हीच शिकवा, कामानंतर, तुमच्या भाषेत. पुढच्या वर्षअखेर ती स्वतः काम करू लागली पाहिजेत. तुम्ही सोडून गेलात तर ही व्यवस्था तिथेच संपते.

मी भांडलो. म्हणालो की हे ठरलं नव्हतं, हे आमच्याच खांद्यावर तुमचं ओझं आहे. ते म्हणाले की नाही म्हणू शकता. ताई, त्या काचेबाहेर उभी असलेली माणसं तू पाहिली असतीस तर नाही म्हणाली असतीस का? मी म्हणू शकलो नाही.

म्हणजे नोव्हेंबर गेला. घराण्याला सांग की एक वर्ष थांबा. काठी आणखी एक वर्ष खांबाला राहू दे. मी पत्राने बोलतो, मी लिहून पाठवतो, असोफाने सभेत वाचून दाखवावं. सगळे ऐकतील ना? तू सांगितलंस तर ऐकतील. तुला किती जड जाणार हे मला कळतं, आणि तरी मागतो आहे.

मागायला तोंड नसलेला तुझा भाऊ,
लाउताफी


सावाई
१७ नोव्हेंबर

चि. लाउताफीस,
तुझ्या बहिणीचे आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

तुझा प्रोग्रॅम चालला हे मी देवळात सांगितलं. विलियामुची आई पुढच्या रांगेत होती. ती उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हातारीला उठवायला दोघीजणी लागल्या. तुझ्या कामाचं मोठेपण त्या खोलीत कोणाला कळलं नाही म्हणतोस. इथे कळलं.

काल घराणं बसलं. तुझं मागणं मी मांडलं नाही.

रागाव. पण आधी ऐक. झऱ्याजवळच्या खांबांवर आता छप्पर आलं आहे. पुढच्या सोमवारी सभेत त्या जमिनीचा निकाल आहे. तू लिहून पाठवलंस आणि असोफाने वाचलं, तर समोरचे म्हणणार की यांच्या आसनावर पाकीट बसलं आहे. पदावर माणूस लागतो रे. चुकणारा चालेल, अडखळणारा चालेल, पण तिथे असणारा लागतो. हे तूच मला शिकवलंस, वडील पदावर असताना, आठवत असेल तर.

सगळे तुझंच नाव घेत होते. मावशी, मामा, सगळे. ते थांबायला तयार होते, आणि त्याचीच मला भीती वाटली. बहिणीचा शब्द आपल्याकडे ओलांडत नाहीत, तो अधिकार मी आयुष्यात दोनदाच वापरला. एकदा तुझं नाव पुढे केलं तेव्हा, आणि काल. मी उभी राहिले आणि म्हणाले की लाउताफी येणार नाही, काठी असोफाला द्या. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तुझा अपमान झाला असता. मी म्हटल्याने तो झाला नाही. म्हणून मीच म्हटलं.

असोफा रडायला लागला. म्हणाला की मला नको, तो बोलतो तसं मला बोलता येत नाही. मी त्याला सांगितलं की कोणालाच येत नाही, तू बस आणि जेवढं येईल तेवढं बोल. काठी त्याच्या हातात दिली. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली जागा त्याच्या मुठीत बरोबर येत नाही. येईल हळूहळू.

घरी आले, अंगण झाडलं, आणि भर दुपारी आडवी झाले. किती वर्षांनी! झोप लागली नाही, पण पडून राहिले. तू वर्षाने आलास तर पद नसलेला भाऊ म्हणून येशील. मला तेवढा पुरतो. पण तुझा आवाज ज्यासाठी घडला होता ते मी तुझ्याकडून काढून घेतलं, हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

त्या माणसांना नीट शिकव. जेवत जा.

तुझ्यावर आधी होता तेवढाच जीव असलेली,
पेलेनिसे


लोगन
८ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तू बरोबर केलंस. हे लिहायला मला दहा दिवस लागले, म्हणून आधी पत्र गेलं नाही. असोफाला माझा मान कळव. सभेचा निकाल काय लागला ते लिही.

वर्ग सुरू आहे. कामानंतर जेवणाच्या खोलीत, एकाच कंप्युटरभोवती. माणसं दमलेली असतात, डोळे मिटतात, एकजण तर बसल्या जागी घोरतो. यंत्र तक्रारी करतं, ही माणसं माझ्याकडे बघतात, मी पहिल्या तक्रारीवर बोट ठेवतो आणि थांबतो. सांगत नाही. त्यांनाच सापडू देतो. वेळ फार लागतो.

परवा विलियामुने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालला. दोन आकड्यांची बेरीज, एवढाच. पडद्यावर उत्तर आलं. त्याने तीच बेरीज बोटांवर पुन्हा करून पाहिली. मग म्हणाला की लाउताफी, आता चार शब्द बोल, तू बोलल्याशिवाय आमच्यात काही पुरं होत नाही. बाकीच्यांनी खुर्च्या वळवल्या. घोरणाऱ्यालाही उठवलं.

मी उभा राहिलो. ताई, मला वाटलं की भाषण आपोआप येईल. नेहमी येतं. मी तिथे उभा होतो आणि ती थकलेली, लोकरीच्या टोप्या घातलेली माणसं वाट बघत होती.

मी म्हणालो की उद्या वर्ग चार वाजता. आणि बसलो.

तुझा,
लाउताफी